रक्तात काय आणि सवयीत काय? – डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे जीवनकार्य

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात तंबाखूचा विषय निघाला की दोन प्रकारचे बोलणे हमखास कानी पडते. कोणी सांगतो, आमच्या आळीतला म्हातारा नव्वदीपर्यंत तंबाखू मळून खात होता, त्याला कधी डोकेदुखी झाली नाही. कोणी सांगतो, अमक्याला तोंडाचा कॅन्सर झाला खरा, पण तो त्यांच्या घराण्यातच होता, त्याला कोण काय करणार? पहिला तंबाखूला निर्दोष सोडतो. दुसरा सगळा दोष रक्तावर टाकतो. बोलणे संपल्यावर दोघेही चुन्याची डबी उघडतात. म्हणजे मते वेगळी असली तरी शेवट एकच.

रोग रक्तातून येतो की सवयीतून, हा प्रश्न पारावरच्या गप्पांचा वाटतो. पण एका मराठी माणसाने आपल्या आयुष्याची उणीपुरी चाळीस वर्षे या प्रश्नाभोवती घालविली आणि त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली, रुग्णांच्या नोंदींत आणि माणसांच्या रोजच्या राहणीत शोधले. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकाच्या क्षेत्रात त्यांचा गौरव होतो. कला शाखेच्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना मात्र हे नाव सहसा भेटत नाही. म्हणून हा लेख.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. त्यांच्या शिक्षणाचा काही काळ क्वेट्टा येथे गेला. हे गाव त्या वेळी हिंदुस्थानात होते, आज ते पाकिस्तानात आहे. पुढे ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीराच्या पेशींत आणि अवयवांत काय बदल होतात याचा अभ्यास. रोग्याला औषध देणारा डॉक्टर आपल्याला दिसतो. पण त्याच्या गाठीचा तुकडा काचेवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती गाठ साधी की जीवघेणी हे ठरविणारा डॉक्टर पडद्यामागेच राहतो. खानोलकरांनी ही पडद्यामागची वाट धरली.

विलायतेची पदवी घेतलेल्या डॉक्टरला त्या काळी मुंबईत खाजगी व्यवसायात भरपूर पैसा मिळाला असता. खानोलकर अध्यापनाकडे वळले. प्रथम ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. या दुसऱ्या कॉलेजाला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय म्हणजे मुंबईतील गिरणी कामगारांचे आणि कोकण-देशावरून पोटासाठी आलेल्या गरिबांचे रुग्णालय. नाना प्रांतांची, नाना जातिधर्मांची, नाना धंद्यांची माणसे तेथे एका छपराखाली येत. आपल्या तालुक्यांतूनही असंख्य माणसे मुंबईला गिरणीत आणि बाजारात हमालीला गेली, हे आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. माणसामाणसांतील फरक अभ्यासणाऱ्यासाठी मुंबईसारखी दुसरी शाळा नव्हती.

त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. त्या दुःखातून आणि टाटांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांची आणि संशोधनाची सूत्रे खानोलकरांच्या हाती आली. त्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या खऱ्या कार्याला येथून आरंभ झाला.

त्या काळी कर्करोगाविषयी एक समज रूढ होता. हा रोग प्रगत गोऱ्या लोकांचा, साध्या राहणीच्या हिंदी माणसाला तो क्वचितच होतो, असे पुष्कळ जण मानीत. म्हणजे रोगाचे कारण वंशातच आहे असे गृहीत धरलेले होते. यातली एक चूक अगदी साधी होती. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा रोग आहे. ज्या देशात माणसे हिवतापाने, पटकीने आणि बाळंतरोगाने आधीच मरत, तेथे कर्करोग कमी दिसणारच. झाडाला फळ धरण्याआधीच ते तोडले, तर या जातीच्या झाडाला फळच येत नाही असे कसे म्हणता येईल? हिंदी लोकांच्या कर्करोगप्रवणतेवर खानोलकरांनी १९४५ साली एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. हिंदी माणसाला वंशाने कोणतेही अभय दिलेले नाही. त्याला कर्करोग होतो, पण तो वेगळ्या जागी होतो, हे रुग्णालयाच्या नोंदींतून पुढे येत होते.

आता प्रश्न आला तो या वेगळ्या जागेचा. इंग्लंड-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग थोडा. टाटा रुग्णालयात मात्र तोंडाच्या आणि घशाच्या रोग्यांची रांग लागलेली. १९४४ साली खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रोग्यांचा आढावा एका अमेरिकन संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. ओळीने आलेले हे शब्द महत्त्वाचे आहेत. मनाजोगते रोगी निवडून काढले तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. जो येईल त्याची नोंद करायची आणि मग बेरीज मांडायची, ही शास्त्राची शिस्त.

या अभ्यासांतून एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. मुंबईतील गुजराती आणि दख्खनी या दोन्ही समाजांत तोंडा-घशाचा कर्करोग होता, पण त्याची जागा एक नव्हती. दख्खनी म्हणजे आपण, देशावरची माणसे. दख्खनी रोग्यांत तो गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीजवळ अधिक, तर गुजराती रोग्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे अधिक आढळे. वरवर पाहणारा म्हणेल की हा दोन समाजांच्या रक्तातला फरक आहे. खानोलकरांनी सवयींकडे पाहिले. दख्खनी माणूस तंबाखू चुन्यात मळून गालात धरून ठेवी. गुजराती समाजात विडी ओढण्याचे प्रमाण अधिक होते. जेथे तंबाखूचा बार तासन् तास टेकतो तेथे व्रण, आणि जेथे धूर आदळतो तेथे व्रण. रोगाची जागा जातीने ठरविली नव्हती, ती सवयीने ठरविली होती.

१९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. लोकांच्या रूढी आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय. त्यात हिंदुस्थानातील तीन नवे प्रकार त्यांनी जगापुढे मांडले. पहिला खैनीचा, म्हणजे खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये तंबाखू-चुना धरून ठेवणाऱ्यांचा. दुसरा चुट्टा ओढणाऱ्यांचा. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे, तेथे टाळूला व्रण होतो. गोव्यातही काही स्त्रिया धुमटी अशी उलटी ओढत असत. तिसरा प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतरामुळे कमरेची कातडी घासते, काळी पडते, चिघळते आणि एखाद्याला तेथेच कर्करोग होतो. काश्मिरात निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरल्याने होणारा कातडीचा कर्करोग आधीपासून ठाऊक होता. त्याच माळेत आता हे मणी ओवले गेले. अगदी अलीकडे, २०२४ साली, वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी परकराची नाडी घट्ट बांधल्यामुळे कमरेवर झालेल्या कर्करोगाच्या दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. खानोलकरांची दृष्टी आजही कशी उपयोगी पडते, ते यावरून दिसते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग रक्ताचा काही संबंधच नाही. खानोलकर असे म्हणून थांबले नाहीत, आणि मला त्यांचा मोठेपणा यातच वाटतो. हजारो माणसे तंबाखू खातात, पण कर्करोग काहींनाच होतो. धोतर तर लाखो माणसे नेसत होती. मग त्यांतल्या थोड्यांनाच का? या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर माणसामाणसांतील उपजत फरक मोजणे भाग होते. म्हणून त्यांनी आनुवंशशास्त्रज्ञ डॉ. एल. डी. संघवी यांना बरोबर घेतले. १९५० च्या सुमारास या दोघांनी मुंबईतील, आपापल्या जातीतच लग्ने करणाऱ्या सहा समाजगटांची पाहणी प्रसिद्ध केली. रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे त्यांनी प्रत्येक गटात मोजली. कर्करोग-रुग्णालयातील माणसाने रक्तगट मोजीत का बसावे, असे एखाद्याला वाटले असेल. पण सवयीचा वाटा किती हे सांगायचे तर रक्ताचाही वाटा प्रामाणिकपणे तपासलाच पाहिजे, असा तो हिशेब होता.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तेथे त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी मोठे काम केले. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या रणदिवेबाईंनी भारतातील पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवर कर्करोगाचे प्रयोग केले. हे उंदीर साधे नसतात. पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावंडांचाच जोडा लावून असा वंश तयार करतात की त्यातील सर्व उंदीर आनुवंशिकतेने जवळजवळ एकसारखे होतात. मग दोन वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांना एकच विष, एकाच मापाने, एकाच पिंजऱ्यात देता येते. एका वंशात गाठी लवकर होतात, दुसऱ्यात उशिरा किंवा होतच नाहीत. म्हणजे रक्ताचा फरक पडतो. पण पुष्कळदा विष दिलेच नाही तर दोन्ही वंशांतील उंदीर बरेचसे सारखेच निरोगी राहतात. रक्ताचा फरक दिसायलाही विष लागते. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. म्हणून माणसांच्या बाबतीत हिशेब आणि नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तो हिशेब १९५५ साली आला. संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी संबंध दाखविणारा निबंध लिहिला. रोगी आणि रोग नसलेली माणसे यांच्या सवयींची त्यात तुलना होती. चघळण्याचा संबंध तोंडाच्या आतील कर्करोगाशी आणि ओढण्याचा घशाकडील कर्करोगाशी दिसला. तंबाखूविरुद्धच्या अगदी सुरुवातीच्या भक्कम पुराव्यांत परळच्या या कामाची गणना होते.

याच सुमारास विलायतेत मोठा वाद पेटला. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असे डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० साली दाखविले होते. संख्याशास्त्राचे थोर पंडित सर रोनाल्ड फिशर यांनी १९५७-५८ मध्ये त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, सिगारेटची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक गुणाची फळे असू शकतील. मग सिगारेटला दोष का द्यावा? आपल्या पारावरच्या दुसऱ्या माणसाचे म्हणणे याहून फारसे वेगळे नाही! सिगारेट कंपन्यांना हे मत आवडले, यात नवल नाही. पण सिगारेट सोडलेल्यांचा धोका वर्षागणिक कमी होत जातो, हे पुढे सिद्ध झाले. सवय सोडल्याने रक्तातला गुण बदलत नाही. तरी धोका मात्र घटतो.

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. माझ्या मामाला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गालाचा कर्करोग झाला. त्याच्या वडिलांनाही तोंडाचाच काही आजार होता असे आजी सांगते. पण त्या काळी कोणी तपासले नाही. घरात सगळे म्हणाले, वारसा आला. माझा मामेभाऊ एकवीस वर्षांचा आहे, आणि त्याच्या खिशात पुडी असते. वारसाच असेल तर सोडून काय उपयोग, असे त्याचे म्हणणे. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात आलेला मी. या म्हणण्याला उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते, आणि ते उत्तर मला खानोलकरांच्या चरित्रात सापडले. वडिलांकडून मुलाकडे रक्त जाते, हे खरे. पण चुन्याची डबीही जाते. एका घरात राहणाऱ्यांची जनुके जशी सारखी असतात, तशाच सवयीही सारख्या असतात. दोन्ही वारसेच आहेत. त्यांपैकी एक नाकारता येतो.

आजच्या संशोधनाने या उत्तराला पुष्कळ बळकटी दिली आहे. तंबाखूतील काही द्रव्ये शरीरात शिरल्यावर आपल्याच पेशींतील एन्झाइमे त्यांना अधिक घातक रूप देतात, आणि दुसरी काही एन्झाइमे त्यांना निरुपद्रवी करून बाहेर टाकतात. ही एन्झाइमे बनविण्याची आज्ञा जनुकांत असते आणि ती माणसागणिक थोडी वेगळी असते. एखाद्याकडे विष बाहेर टाकणारे एक जनुक उपजतच नसते. अशा निरोगी माणसांची संख्या थोडीथोडकी नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड येथील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांच्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे २७ टक्के निघाला. उरलेला मोठा वाटा राहणीचा आणि परिस्थितीचा. २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावर असे एक स्थान सापडले की ज्याचा निकोटिनच्या व्यसनाशी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशीही संबंध आहे. म्हणजे फिशर अगदीच चुकले नव्हते. पण ते जनुक मुख्यतः तंबाखूच्याच वाटेने घात करते. आणि २०२५ साली टाटा स्मारक केंद्राच्याच संशोधकांनी गालाच्या कर्करोगाविषयी दाखवून दिले, की तंबाखू चघळणाऱ्यांपैकी ज्यांच्या जनुकांत धोका अधिक आहे त्यांना हा रोग इतरांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. खानोलकरांनी ज्या प्रश्नासाठी संघवींना हाताशी घेतले होते, त्याचे उत्तर पाऊण शतकानंतर त्यांच्याच संस्थेतून आले.

आपल्या पश्चिम पट्ट्यातील भातशेतीचे उदाहरण घ्यावे. खळ्यावरचा पेंढा कोठे ओलसर असतो, कोठे कडकडीत वाळलेला. ठिणगी पडली तर वाळका आधी पेटतो, ओला धुमसत राहतो. पण ठिणगी पडलीच नाही तर दोन्ही तसेच राहतात. नव्वदीपर्यंत तंबाखू खाणारा म्हातारा म्हणजे ओला पेंढा. त्याच्याकडे पाहून आपण ठिणगीशी खेळावे का? आपला पेंढा ओला की वाळका हे आपल्याला कोठे ठाऊक आहे?

हीच गोष्ट कामाच्या जागेलाही लागू पडते. नारायणगावच्या द्राक्षबागांत आणि टोमॅटोच्या फडांत औषध फवारणारे मजूर आपण रोज पाहतो. आपल्यातले कित्येक जण सुट्टीत ते काम करतात. फवारणीच्या काही औषधांतील फॉस्फरसयुक्त विषे फोडणारे पॅराऑक्सोनेज नावाचे एक एन्झाइम आपल्या रक्तात असते. जनुकांप्रमाणे कोणात ते जलद काम करते, कोणात मंद. एकाच पंपाने फवारणाऱ्या दोघांपैकी एकाला गरगरते आणि दुसरा हसतो, याचे एक कारण हेही असू शकते. इंग्लंडमधील रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होई. ज्यांच्या शरीरात तेथील रसायनांची विल्हेवाट सावकाश लागत होती त्यांच्यात तो अधिक आढळल्याचे १९८२ साली दिसून आले. जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने तर १९३८ सालीच असा विचार मांडला होता, की कुंभारकामाच्या धुळीचा त्रास काहींनाच अधिक होण्यामागे उपजत फरक असावा. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले.

येथे एक धोका आहे. रोग रक्तात आहे असे एकदा म्हटले की मालकाला सोयीचे होते. ज्याचे रक्त कमजोर त्याला कामावरून काढा, धूळ आणि विष आहे तसेच राहू द्या! पण धूळ कमी केली तर कमजोर आणि मजबूत दोघेही वाचतात. मजूर निवडून काढण्यापेक्षा हातमोजे, तोंडावर चांगला मास्क, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि काम संपल्यावर साबणाने अंग धुण्याला पाणी, हा मार्ग स्वस्त आहे आणि माणुसकीचाही आहे.

खानोलकरांचे कार्य कर्करोगापुरते नव्हते. कुष्ठरोगाच्या अगदी प्रारंभीच्या अवस्थेत मज्जातंतूंत काय बदल होतात यावरील त्यांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. तोही रोग लोक पापाचा आणि घराण्याचा मानीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. अणुस्फोटांच्या किरणांचा माणसावर आणि त्याच्या पुढील पिढ्यांवर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रीय समितीत त्यांनी काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान आणि पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. १९६६ साली त्यांचे संशोधन केंद्र आणि टाटा स्मारक रुग्णालय एकत्र आले आणि टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी खानोलकरांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे अनेक जण गेले. आपल्याच पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाची मोठी पाहणी केली. ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. गावोगावी जाऊन लाखभर माणसांच्या तोंडात डोकावणे ही काय साधी गोष्ट आहे? पुरुषांच्या चुना-तंबाखूबरोबर बायकांची मशेरीही त्या पाहणीत नोंदली गेली. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली ती तोंडात जाते, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मशेरीवर मात्र कायद्याआधी घरातल्या लेकी-सुनांनाच बोलावे लागेल.

खानोलकरांचे नाव आज नवी मुंबईत खारघर येथे एका संशोधन इमारतीला दिलेले आहे. तिचे नाव खानोलकर शोधिका. आपल्यातील फार थोडे जण तेथे जातील. पण कधी ना कधी कोणत्या तरी दवाखान्यात आपण सारेच जातो. बहुधा घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन आणि बहुधा सर्वांच्या वतीने बोलायला, कारण शिकलेले आपण असतो. तेथे केसपेपर लिहिताना डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. घरात पूर्वी कोणाला हा आजार होता का? आणि खाण्या-ओढण्याच्या सवयी काय, कामधंदा काय? पहिल्या प्रश्नाला आपली माणसे भरभरून उत्तर देतात. दुसऱ्याला लाजतात, किंवा थोडीशी असे पुटपुटून गप्प होतात. खानोलकरांचे सारे आयुष्य या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी-शेजारी मांडण्यात गेले. आपण दोन्हींना खरे उत्तर द्यायचे आणि दुसरे उत्तर पुढच्या वर्षी बदललेले असेल असे पाहायचे. पहिले उत्तर कोणालाच बदलता येत नाही, पण दुसरे आपल्या हातात आहे.